वद्यपक्षातले भूकंप

दूधविनायक, काशी
८ ऑक्टोबर १९९३

ति. देवदत्तदादास शरूचा नमस्कार.

किल्लारीची बातमी रेडिओवर ऐकली आणि आधी तूच डोळ्यांसमोर आलास. पुणं तिथून लांब आहे हे मलाही कळतं, पण मन काही नकाशा बघून घाबरत नाही. तुम्ही सगळे धड आहात ना? वहिनींना ब्लडप्रेशर, त्यांची तर पाचावर धारण बसली असेल. दोन ओळी लगेच टाक.

इथे पितृपक्ष चालू आहे. घाटावर सगळे म्हणतात आश्विन लागला, आपल्या घरात अजून भाद्रपदच. दोनशे वर्षं काशीत राहिलो, पण महिना मात्र देशावरचाच ठेवला, अशी आप्पा थट्टा करायचे. परवा विश्वेशने आजोबांचं श्राद्ध केलं. जेवायला बसलेल्या भटजींनी किल्लारीचा विषय काढला आणि मी वाढता वाढता आत निघून गेले. आप्पा असते तर आधी गच्चीवर धावले असते, सूर्यावर काय आहे ते बघायला.

तू विसरला नसशील. पितळी दुर्बीण, तिच्यातून पांढऱ्या कागदावर पडलेला वाटीएवढा सूर्य, आणि त्याच्यावरचे डाग पेन्सिलीने उतरवणारे आप्पा, तुझे मामा. मोठा डाग सूर्याच्या मधोमध आला की तीन दिवसांत कुठेतरी धरणी हलते, हा त्यांचा सिद्धान्त. त्यासाठी बिंदुमाधवगुरुजी शिंदे घाटावर छत्रीखाली बसून दरभंग्याच्या, नेपाळच्या, आसामच्या यात्रेकरूंना विचारायचे, "आपके यहाँ धरती डोली थी क्या?" हो म्हणाला की गाव आणि तिथी त्यांच्या नोंदींच्या बहीत. त्या तिथ्यांच्या इंग्रजी तारखा काढून तू लाल वहीत लिहायचास.

पुढचं तुला मी तेव्हा पत्रातून कळवलं होतं. तू नुकता पुण्याला नोकरीवर गेला होतास. चोपन्न साली आप्पा यादी घेऊन प्रयागच्या एका परिषदेत गेले. तिथे एकाने उठून सांगितलं, तेवीस भूकंपांपैकी अकरा जगातल्या कुठल्याच यंत्राला कळलेले नाहीत, शास्त्रीबुवा ते घरी करतात काय? सभा हसली. आप्पा परतले ते तडक घाटावर. चार लोकांत गुरुजींपुढे यादी धरली आणि विचारलं, मला का फसवलंस? गुरुजींनी गंगेचं पाणी हातात घेऊन शपथ घेतली की एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. आप्पांनी पाठ फिरवली. चार वर्षांनी गुरुजी गेले, त्यांना आपल्या दारावरून नेलं, तर आप्पांनी दार लावून घेतलं.

पुढच्या आठवड्यात विश्वेश बँकेच्या कामाने पुण्याला येतोय. सूर्याच्या सोळा वह्या आणि तुझ्या अक्षरातली ती लाल वही त्याच्याबरोबर पाठवते. तू उभा जन्म हवामानखात्यात काढलास. मला दोन गोष्टी सांग. आप्पांचं म्हणणं खरं होतं का? आणि गुरुजींनी त्यांना खोट्या तिथ्या दिल्या का? पहिल्याचं उत्तर नाही मिळालं तरी चालेल, सूर्य काही माझ्यावाचून अडलेला नाही. दुसऱ्याचं हवंय. पद्मा गुरुजींची मुलगी आणि माझी जिवाची मैत्रीण. लग्न होऊनही ती याच मोहल्ल्यात राहिली, दोन गल्ल्या सोडून. चोपन्न सालापासून आम्ही एकमेकींशी बोलत नाही.

तुझी,
शरू

पुणे
१४ नोव्हेंबर १९९३

चि. शरूस आशीर्वाद.

आम्ही सुखरूप आहोत. पहाटे पलंग हलला, मला वाटलं मांजर खाली शिरलं. ही मात्र उठून बसली आणि मला म्हणाली, "मांजर? कपाटातली भांडी वाजताहेत." सकाळी बातम्या लागल्या आणि मग दिवसभर कोणाला घास गेला नाही.

वह्या पोचल्या. विश्वेश अगदी मामांसारखा चालतो, एक खांदा वर करून. वह्यांचं गाठोडं सोडलं तर त्या घरातला धूप आणि ओल यांचा वास खोलीभर झाला, आणि मी एकोणीस वर्षांचा होऊन तुमच्या दारात उभा राहिलो. वडील गेलेले, आई सांगलीला दुसऱ्या भावाकडे, हातात पत्र्याची ट्रंक. मामी म्हणाली होती, "आधी जेव, मग रड." तुला आठवतं का, रामनगरची रामलीला बघायला आपण नावेतून जायचो? तू, मी, पद्मा आणि पहारेकरी म्हणून बिंदुमाधवगुरुजी. नाव सुटायच्या आत ते घोरायला लागायचे, आणि तू नि पद्मा पाण्यात पाय सोडून मल्लाहाच्या शिव्या खायचात. तितकं हसणं पुन्हा कधी झालं नाही माझं.

सूर्याच्या वह्या बघतोय. काय हात होता मामांचा! एकही वर्तुळ दबलेलं नाही, एकही डाग उगाच गडद केलेला नाही. ढगाळ दिवशी नुसतं "दर्शन नाही" एवढंच लिहिलेलं.

लाल वही सावकाश बघतो. मोतीबिंदू काढायचा आहे, डॉक्टरांनी बारीक अक्षर वाचायला मनाई केली आहे. गडबड करू नकोस.

तुझा,
देवदत्त

दूधविनायक, काशी
२० फेब्रुवारी १९९४

ति. दादास नमस्कार.

मोतीबिंदू मजेशीर दिसतोय तुझा. त्याला सूर्यावरचे डाग दिसतात आणि स्वतःचं अक्षर दिसत नाही. चेष्टा करते, रागावू नकोस. ऑपरेशन कधी आहे ते कळव.

सत्तेचाळीसचा डाग सापडला का वह्यांत? एप्रिलमधला? तू तेव्हा आला नव्हतास. पलीकडच्या रेतीवरून सूर्य वर येताना तो नुसत्या डोळ्यांना दिसायचा, केशरी थाळीवर शाई सांडल्यासारखा. आप्पांनी मला आणि पद्माला काजळी धरलेल्या काचेतून दाखवला. पद्मा म्हणाली, "काका, याला नजर लागलीय." आप्पा इतके हसले की दोघींना कचौडी खाऊ घातली. पुढे कित्येक दिवस आम्ही दोघी पहाटे घाटावर जाऊन सूर्याची दृष्ट काढायचो, मीठ-मोहरी ओवाळून. असला वेडेपणा एकटीने करता येत नाही.

परवा मौनी अमावास्येला ती घाटावर दिसली. आता पार वाकली आहे. वर्षातला हा एकच दिवस आमचं न बोलणं शास्त्राला धरून असतं! तिने माझ्याकडे बघितलं, मी लुगड्याचा पदर पिळत राहिले.

दादा, मी तिच्यावर चाळीस वर्षं राग धरला तो आप्पांच्या एका वाक्यावर. मी तेव्हा त्यांना विचारलं होतं की तारखा काढण्यात तर कुठे चूक नसेल? ते म्हणाले, "आकडे देवदत्तचे आहेत. तो बी.एस्सी. आहे. त्याच्या आकड्यांवर मी डोळे मिटून सही करीन. खोटं असेल ते बहीत आहे." मला ते पटलं. तुझ्यावर आमचा सगळ्यांचाच तेवढा विश्वास होता. पण म्हातारपणी मनात येतं, गंगेचं पाणी हातात घेऊन खोटं बोलण्याइतके गुरुजी वाईट नव्हते रे.

लवकर बघ ती वही.

शरू

पुणे
३ जुलै १९९४

चि. शरूस आशीर्वाद.

डोळा आता ठीक आहे. उशिराबद्दल रागावू नकोस. हिच्या गुडघ्यांचं दुखणं, नातीचा शाळाप्रवेश, दिवस कसे जातात कळत नाही.

मामांच्या सिद्धान्ताबद्दल लिहितो. सूर्याचा आणि भूकंपाचा काही संबंध असावा असं म्हणणारे लोक जगात आहेत, मामा एकटे नव्हते. सूर्यावर वादळं उठली की पृथ्वीचं चुंबकत्व थरथरतं, हे यंत्रांवर रोज दिसतं. पण त्या थरथरीने खालचा खडक सुटतो का, हे कोणी दाखवून दिलेलं नाही. उत्तरकाशीला एक्याण्णव साली जमीन हलली तेव्हा सूर्य डागांनी भरलेला होता. किल्लारीच्या वेळी डाग थोडेच, तेही लहान. मामांनी वह्या भरल्या त्यातली पहिली वर्षं तर अशी होती की कुठल्याही तारखेवर बोट ठेवावं, एखादा मोठा डाग मधोमध सापडायचाच. म्हणजे मेळ बसणार होता, भूकंप केव्हाही होवो. हे मामांना सांगायचं धैर्य मला तेव्हाही झालं नसतं, आज तुला सांगतानाही जड जातंय. तरी त्यांची चित्रं खरी आहेत आणि ती जपून ठेवायला हवीत.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल म्हणशील तर मामा गेले, गुरुजी गेले. आता ते उकरून कोणाच्या पदरात काय पडणार? तू तब्येत सांभाळ. इथे पाऊस बरा आहे.

देवदत्त

दूधविनायक, काशी
५ जून १९९५

ति. दादास,

वर्षभर मी थांबले. वाटलं, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या पत्रात येईल. दिवाळीचं कार्ड आलं, संक्रांतीचा तिळगूळ आला, उत्तर आलं नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तू लाल वही पाहिलीस, गुरुजींनी खरंच फसवलं होतं हे तुला दिसलं, आणि माझं मन दुखू नये म्हणून तू गप्प राहिलास. तुझा स्वभावच तसा, कोणाबद्दल वाईट तोंडातून काढायचं नाही. म्हटलं, एवढं उत्तर पुरे.

हे मी ठरवलं आणि पंधराच दिवसांत पद्मा दारात उभी राहिली. तिच्या नातवाची, ओजसची, मुंज होती गेल्या महिन्यात. सुनेला न पाठवता अक्षत घेऊन स्वतः आली. माझ्या जिन्याला कठडा नाही, भिंतीला धरत धरत चढली. "शरू, मुंजीला येशील ना?" एवढंच म्हणाली. एकेचाळीस वर्षांनी तिच्या तोंडून माझं नाव ऐकलं.

मी अक्षत घेतली नाही. हात पाठीमागे धरले आणि म्हटलं, "ज्या घराने माझ्या वडिलांना खोटारडं ठरवलं, त्या घरची अक्षत मला नको." तिची बोटं कुंकवाने लाल झालेली तशीच राहिली. भिंतीला धरत उतरून गेली.

मुंज झाली. सनईचा आवाज इथपर्यंत येत होता. मी बरोबर केलं असं स्वतःला रोज सांगते आणि रोज जेवण अर्धं टाकते. तू एकदाच स्पष्ट लिही की गुरुजींनी फसवलं होतं. म्हणजे मला झोप तरी लागेल.

शरू

पुणे
१२ जून १९९५

चि. शरू,

तुझं पत्र आत्ता आलं. हे उत्तर पेटीत टाकायला मी स्वतः जाणार आहे, म्हणजे वाटेत मन बदलायला नको.

गुरुजींनी फसवलं नाही. त्या अकरा तारखा मी चुकवल्या.

घाटावरची बही घाटाच्या रीतीने लिहिलेली होती. तिथे पौर्णिमा झाली की पुढचा महिना लागतो, आपल्याकडे अमावास्या झाल्यावर. दिवाळीची अमावास्या त्यांची कार्तिकातली, आपली आश्विनातली. दिवाळी तीच. मामांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बदी, म्हणजे वद्यपक्ष, असेल तर आपल्या पंचांगात एक महिना मागे जा." पहिली दोन पानं मी तसं केलं. मग परीक्षा आली, अभ्यासाच्या मधल्या वेळात मी पानं उरकायला लागलो, आणि हात जन्माच्या सवयीने चालायला लागला. आईने सांगलीहून पाठवलेलं मराठी पंचांग पुढ्यात. कार्तिक वद्य दिसलं की कार्तिक वद्य. नोव्हेंबरातला भूकंप मी डिसेंबरात नेऊन ठेवला. शुद्धपक्षातले सगळे बरोबर आहेत, वद्यपक्षातले तिसऱ्या पानापासून सगळे महिनाभर पुढे. एकेक महिना मागे घेऊन मी ते यंत्रांच्या जुन्या याद्यांशी ताडून पाहिले. अकरातले नऊ सापडले, गावासकट. उरलेले दोन अगदी लहान असावेत. गुरुजींचं एक अक्षर खोटं नव्हतं.

मामांच्या हे लक्षात का आलं नाही याचाही उलगडा झाला, आणि त्याने मला जास्तच लाज वाटते. सूर्य स्वतःभोवती सत्तावीस दिवसांत एक फेरी करतो. आपला महिना साडेएकोणतीस दिवसांचा. भूकंप महिनाभर पुढे ढकलला तरी तोच डाग फिरून पुन्हा मधोमध आलेला असायचा, अडीच दिवसांच्या फरकाने. मामांनी तीन दिवसांची सूट ठेवलेली होती. त्यामुळे त्यांच्या वहीत सगळं जुळत राहिलं. माझी चूक सूर्यानेच झाकून ठेवली.

शरू, मला हे आज कळलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. चोपन्न साली तुझं पत्र आलं त्याच दिवशी मनात पाल चुकचुकली होती. नोकरी लागून वर्ष झालं नव्हतं. ज्याच्या घरी जेवलो, वाढलो, त्याचं भर सभेत हसं केलं ते मीच, हे मला बघायचंच नव्हतं. लाल वही काशीत होती, मी पुण्यात होतो, न बघणं सोपं होतं. तू ती पाठवलीस तेव्हा मोतीबिंदूचा बहाणा केला. डोळा चांगला होता. पहिल्याच रात्री मी सगळी पानं वाचली होती.

तुला वाटलं मी गुरुजींना सांभाळतोय. मी मला सांभाळत होतो. आणि त्यापायी तू हात पाठीमागे धरलेस. मला क्षमा कर असं लिहवत नाही. हे पत्र पद्माला वाचून दाखव. हवं तर घाटावर मोठ्याने वाच.

देवदत्त

दूधविनायक, काशी
९ जुलै १९९५

ति. दादा,

तुझं पत्र वाचून पहिले चार दिवस मी ते ट्रंकेत तळाशी घालून ठेवलं. तुला उत्तर लिहायला बसले की कागद चुरगाळून टाकायचे. साठी उलटल्यावर कोणाचा इतका राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी पद्माकडे गेले. तिने दार उघडलं आणि बाजूला झाली. ती सुपात तूरडाळ निवडत होती, पुन्हा निवडायला बसली. मी उभ्यानेच तुझं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

"पूरा हो गया?" तिने विचारलं.

"झालं."

"बैस मग. हे मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"देवदत्तने बदीचा हिसाब चुकवला ते. शास्त्रीकाकांनी यादी पुढे धरली तेव्हाच बाबांनी ओळखलं होतं. जिंदगीभर त्यांनी बदी-सुदीच केलं, त्यांना नाही दिसणार?"

मी म्हटलं, "मग सांगितलं का नाही? शपथ घेतली, मग हे का नाही सांगितलं?"

"आईनेही तेच विचारलं. तर म्हणाले, त्या मुलाची नौकरी नवीन, आई विधवा. मामाच्या मनातून उतरला तर जाईल कुठे? मेरा क्या है, मैं तो घाट पर बैठा हूँ. म्हणाले, शास्त्र्यांचा गुस्सा आहे, चार महिन्यांत उतरेल." सुपातला खडा तिने वेचून बाजूला टाकला. "नाही उतरला. आणि मला शपथ घातलेली, की शरूला सांगायचं नाही, ती वडिलांना सांगेल. काका गेले तरी मी शपथ पाळली. मुंजीला वाटलं, सांगायचं नाही, पर बुला तो सकती हूँ."

दादा, मी त्या घरात ओक्साबोक्शी रडले. आधी गुरुजींसाठी, मग आप्पांसाठी. आणि मग मला राग आला, तो अजून गेलेला नाही. तू भीतीने गप्प. गुरुजी दयेने गप्प. आप्पा मानापायी गप्प. तुम्ही तिघा पुरुषांनी एकमेकांना किती जपलंत! आम्हा दोघींना कोणी विचारलं? एकाच घाटावर, एकमेकींकडे पाठ करून, आम्ही एकेचाळीस वर्षं स्नानं केली. तिचं लग्न झालं, मी गेले नाही. तिचा पहिला मुलगा आठ दिवसांचा होऊन गेला, मला दुसऱ्यांकडून कळलं. माझी आई गेली तेव्हा ती गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली होती म्हणे, आत यायची हिंमत झाली नाही तिची. याचा हिसाब कुठल्या पंचांगातून काढणार आहेस?

आप्पांचा सिद्धान्त खोटा निघाला याचं मला काही वाटत नाही. ते रोज सकाळी खरं बघत होते आणि खरं उतरवत होते, तेवढं मला पुरतं. माणसांकडे मात्र त्यांनी तसं बघितलं नाही.

काल पद्मा आणि मी एका पायरीवर बसलो. चाळीस वर्षांचं काय बोलायचं ते दोघींनाही सुचेना. पाय चोळत ती म्हणाली, "तुझे घुटने कसे आहेत?" मी म्हटलं, डावा दुखतो. तिचा उजवा दुखतो. तिथून जे बोलणं निघालं ते ऊन डोक्यावर आलं तरी संपेना, शेवटी तिची सून शोधत आली.

ऑक्टोबरात, दिवाळीच्या अमावास्येला, सूर्यग्रहण आहे. इथून सूर्य जवळजवळ सगळा झाकलेला दिसेल म्हणतात. तू ये. पाठोपाठ भाऊबीज आहे, तोवर राहा. सगळ्या वह्या बरोबर आण. स्टेशनवरून माझ्याकडे येऊ नकोस, आधी पद्माच्या घरी जा. गुरुजींच्या तसबिरीला नमस्कार कर, आणि ती काय बोलेल ते मान खाली घालून ऐकून घे. मग इकडे ये. मला तुला जे बोलायचंय ते मी या पत्रात लिहिलेलं नाही.

शरू